पान दाखवा

डॉक्टरनं पंचनदरावांना भात कमी करायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पान दाखवा."

डॉक्टर तरुण होता, गावात नवा होता. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण पंचनदराव स्टुलावरून उठेनात आणि बाहेर बसलेले पेशंट खोकून खोकून आपण आहोत हे कळवायला लागले. शेवटी त्यानं कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि साखरेच्या आजाराचं पान उघडून समोर ठेवलं. पंचनदरावांनी चष्मा लावून ते पान वाचलं. समोरचं पान उघडंच होतं म्हणून तेही वाचलं. मग पुढचं उलटलं. घरी आले ते साखर कबूल करून, शिवाय आणखी दोन आजार सोबत घेऊन. त्यातला एक फक्त बाळंतिणींना होतो, असं सुनेनं सांगितलं. ते म्हणाले, "पान दाखव."

असे हे आमचे पंचनदराव. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात. जन्मभर पापनाशम स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे बसले. खोड तिथलीच. कोणी भाड्यावरून वाद घातला की ते भाडेदराचं पुस्तक उघडून बोट ठेवायचे आणि वाद मिटायचा. त्यांना वाटलं, जगातले सगळे वाद असेच मिटतात. रिटायर झाल्यावर खिडकी सुटली, पण बोट राहिलं. भाजीवाली म्हणाली टोमॅटो आजचे आहेत, तर पान दाखव. भटजी म्हणाले मुहूर्त साडेसहाचा, तर पान दाखवा. भटजींनी दाखवलं आणि त्या भानगडीत पावणेसात झाले.

आता मी कोण ते सांगते. मी याच गल्लीजवळच्या सरकारी वाचनालयात सहायक आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझे वडील ब्लाउज शिवतात, आजोबाही तेच शिवायचे. माझं पदवीचं सर्टिफिकेट आमच्या दुकानात शिलाई मशीनच्या वर, देवाच्या फोटोशेजारी लटकतं, आणि गिऱ्हाईक वाट बघत बसलं की वडील त्याला ते वाचून दाखवतात. मला त्याची लाज नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच. बोलतो मराठी, पण ती तमिळच्या चालीवर. देवनागरी मी हिंदीच्या खाजगी परीक्षा देताना शिकले, म्हणून हे लिहू शकते. पंचनदराव आमच्या वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना काका म्हणते. बाकी सगळं वाचनालय त्यांना "राव" म्हणतं.

राजवाडा बघायला येणारे लोक चुकून आमच्याकडे शिरतात आणि ताडपत्रं कुठे आहेत विचारतात. ताडपत्रांचं ग्रंथालय ते मोठं, राजवाड्यातलं. आमच्याकडे पेपर आहेत, स्पर्धा परीक्षांची गाइडं आहेत, आणि कोणी हात न लावलेली पुष्कळ चांगली पुस्तकं आहेत. त्यांना कोणी हात लावावा म्हणून मी रविवारची प्रश्नमंजूषा सुरू केली. नियम एकच. उत्तर तोंडानं सांगून चालत नाही. फोन तर माझ्या टेबलाच्या खणात जमा. उत्तर ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक कपाटातून शोधायचं, पान उघडायचं, टेबलावर आणून ठेवायचं. पहिला आणील त्याचा गुण. जिंकणाऱ्याला शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट आणि पुढच्या रविवारचा विषय ठरवायचा मान. तो विषय मी तिथेच फळ्यावर लिहून टाकते, म्हणजे लोक आठवडाभर वाचतील.

हा नियम मी काकांसाठी केलेला नव्हता, शपथेवर सांगते. पण पहिल्या रविवारी तो त्यांनी ऐकला आणि त्यांचा चेहरा असा झाला, की जग शेवटी शहाणं झालं म्हणायचं.

प्रश्न वाचून व्हायच्या आत ते चपला काढायचे. वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडून खोचायचे आणि अनवाणी सुटायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण दोन कपाटांच्या मधून असा निघायचा, की परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं पाय वर घेऊन बसायची. उत्तर काय हे कपाटाशी पोचल्यावर ठरवायचे. आधी धावायचं, मग विचार करायचा.

कमलम टीचरचं बरोबर उलटं. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, रिटायर झाल्या, एकट्या राहतात. कडक कांजीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. प्रश्न ऐकून त्या डोळे मिटून बसायच्या. काका अर्धं वाचनालय पालथं घालेपर्यंत बसायच्या. मग उठून सरळ एका कपाटाशी जायच्या, एकच पुस्तक काढायच्या, मागची सूची बघायच्या आणि पान उघडून टेबलावर ठेवायच्या. बहुतेक वेळा दोघं एकदमच पोचायचे. मग भांडण.

केळीचं भांडण तर अजून लोक काढतात. प्रश्न होता, केळ हे झाड आहे की नाही. काका हसले आणि कपाटाकडे गेलेच नाहीत.

"याला पान कशाला पाहिजे? माझ्या परसात उभं आहे."

टीचरनी वनस्पतींचं पुस्तक आणून उघडलं आणि त्यांच्यासमोर सरकवलं. "तुमचं चुकलं, राव. ते झाड नव्हे. त्याला लाकूड नसतं. मोठ्ठं गवतच म्हणा."

काकांनी पान वाचलं. प्रकाशकाचं नाव वाचलं. छपाईचं वर्ष वाचलं. मग पुस्तक मिटून दोन्ही हातांनी परत दिलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते सुनेला सांगायला लागले, "परसातल्या गवताला पाणी घाल."

असं वर्षभर मजेत चाललं. मग टीचरचे गुडघे गेले.

आधी त्या कपाटाशी उशिरा पोचायला लागल्या. मग टेबलाचा आधार घेऊन उठायला लागल्या. एका रविवारी अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या आणि खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही. धावण्याची शर्यत आहे ही. मला नुसतं बसायचं असेल तर घरी रेडिओ आहे."

काका म्हणाले, "बरं झालं. चिक्की दर वेळी मला."

पण त्या दिवशी जिंकलेलं पाकीट ते टेबलावर तसंच ठेवून गेले. पुढच्या रविवारचा विषय विचारला, तर जाता जाता म्हणाले, "पक्षी घाल."

मी टीचरच्या घरी गेले. हात जोडले. त्या म्हणाल्या, "येते, पण बघायला." आल्या, आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या. ती खुर्ची खिडकीजवळ आहे. तिच्या हाताशी एक बुटकं रॅक आहे, त्यात जुनी मासिकं असतात.

मी प्रश्न वाचला: मागच्या मागे उडू शकणारा पक्षी कोणता? काका सुटले. पक्ष्यांची पुस्तकं अगदी टोकाच्या कपाटात असतात. तिथून धडाधड आवाज आला आणि मग त्यांचा आवाज आला.

"इथे एकही पक्षी नाही. सगळे उडाले का?"

टीचरनी सहज हात खाली नेला. मासिकांच्या रॅकमध्ये, जुन्या अंकांच्या पुढे, पक्ष्यांचं पुस्तक होतं. त्यांनी चष्मा सावरला, सूची पाहिली, पान उघडलं. "हमिंगबर्ड," त्या म्हणाल्या, आणि बसल्या जागेवरून पुस्तक माझ्याकडे केलं. त्या दिवशी आणखी काही पुस्तकं तिथेच सापडली. चिक्की टीचरना मिळाली. विषय त्यांनी घातला मसाल्याचे पदार्थ.

काका असे भडकले की विचारू नका. भर हॉलमध्ये उभे राहून बोलले. "हें वाचनालय कीं आठवड्याचा बाजार? कुठलं पुस्तक कुठं. गे रुकमा, तुला पगार कशाचा मिळतो?" तमिळमध्ये बोलून झालं, मग आमच्या मराठीत बोलून झालं, म्हणजे कोणी सुटू नये.

पुढच्या रविवारी मिरी, वेलदोडे, लवंगा सगळे टीचरच्या हाताशी. काका पुन्हा टोकाच्या कपाटाशी, पुन्हा रिकामे, पुन्हा लाल. आणि या वेळी आमचे साहेब हजर होते.

आमच्या साहेबांचा देव म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर. नंबर चुकीच्या जागी दिसला की त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी मला आत बोलावलं.

"मेडम, तुमचा रविवारचा खेळ मी चालू दिला तो एका अटीवर. सोमवारी प्रत्येक पुस्तक आपल्या जागी. इथे तर रविवारच्या आधीच घोळ. आता एवढं करा, कोण करतो ते शोधा आणि त्याचं कार्ड रद्द करा. नाही सापडला तर खेळ बंद. वाचनालय शांत जागा आहे."

मी बाहेर आले. या रविवारच्या खेळासाठी मी वर्षभर सुट्टी घेतली नव्हती. आणि खेळ बंद झाला तर टीचर कुठे जाणार? काकांना कोण आवरणार?

पहिला संशय परीक्षेच्या पोरांवर. त्यांना विचारलं तर एक म्हणाला, "मेडम, आम्ही गाइडं सोडून कुठल्या पुस्तकाला कधी हात लावलाय का?" ते पटलं. दुसरा संशय, सांगायला कसंसं वाटतं, पण टीचरवरच. कारण फायदा त्यांचा. मी त्यांना आडून आडून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा चौथीत गेले आणि नकाशात श्रीलंका विसरले. काका त्यात असतील हे मनातही आलं नाही. सगळ्यात मोठी बोंब त्यांचीच होती.

पुढच्या रविवारचा विषय होता किडे. शनिवारी दुपारी वाचनालय ओस असतं. लोक जेवून झोपलेले. मी पेपरच्या स्टँडमागे पेपर धरून बसले.

काका आले. हातात पिवळी कापडी पिशवी, आपण बाजारात नेतो ती. टोकाच्या कपाटाशी गेले. मुंग्या, मधमाश्या, फुलपाखरं एकेक पिशवीत घातली. खिडकीजवळ आणली. खांद्यावरच्या टॉवेलनं प्रत्येक पुस्तक पुसलं आणि रॅकमध्ये ठेवलं. मग टीचरच्या खुर्चीत बसले. टीचर बसतात तसे, पाठ ताठ. डोळे मिटले. हात खाली सोडला. बोटं पुस्तकाच्या जरा अलीकडे राहिली. उठले, पुस्तकं पुढे ओढली. पुन्हा बसले, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा हात सोडला. या वेळी बोटं बरोबर पुस्तकाच्या पाठीवर पडली.

"काय चाललंय, काका?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "बघूलालों. वारा कसा येतो इथं."

मी पेपर खाली ठेवला. पिवळी पिशवी त्यांनी घडी करून मांडीखाली घातली, जणू पुरावा तेवढाच होता.

"काका, साहेब कार्ड काढून घेणार आहेत. ज्यानं केलं त्याचं."

"घे." त्यांनी खिशातून कार्ड काढून पुढे केलं. "पण रविवार बंद करूं नको. आणि टीचरला सांगूं नको. कळलं तर ती या गल्लीला पाय लावायची नाहीं."

"मग धावता कशाला? नुसतं बसून राहायचं. हरायचंच आहे तर."

आता ते चिडले. "हरायला कोण आलंय? किड्यांतलं तिला काय कळतं? अर्ध्या प्रश्नांना तीच गप्प बसणार. मी फक्त खेळांतून तिचे गुडघे काढून टाकले. पुस्तक तिच्या हाताशीं आलं, पुढचं डोकं तिचं. आणि मी बसून राहिलों तर तिला लगेच कळेल. म्हणून धावतों, ओरडतों."

"साहेबांसमोर ओरडलात म्हणून तर हे सगळं झालं."

"तें जरा जास्त झालं," ते म्हणाले. "पण बरा ओरडलों कीं नाहीं?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग ते खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर एक बाई दारात वाळत टाकलेले सांडगे उलटत होती.

"घरीं सगळे चांगले आहेत," ते एकदम म्हणाले. "मुलगा चांगला, सून तर फारच चांगली. मी म्हणालों सूर्य पश्चिमेला उगवतो, तर ती म्हणेल, हो मामंजी, कॉफी देऊं? म्हाताऱ्याशीं कशाला वाद, असं सगळ्यांचं. बायको होती तेव्हां दिवसाला दहा वेळां सांगायची, तुमचं चुकलं. आतां या गांवांत तें म्हणणारं एकच माणूस उरलंय. त्याचे गुडघे गेले तर मी काय करूं?"

मी कार्ड त्यांच्या खिशात परत घातलं आणि त्यांना घरी पाठवलं. त्याआधी पुस्तकं मात्र जागच्या जागी ठेवून घेतली. त्यांच्याकडूनच. नंबरप्रमाणे.

मग साहेबांकडे गेले. "साहेब, माणूस सापडला. कबूल झाला."

"नाव?"

"नाव सांगणार नाही. शिक्षा सांगते. दर रविवारी त्यानं विषयाची सगळी पुस्तकं मधल्या मोठ्या टेबलावर आणून मांडायची. खेळ टेबलाभोवती बसून होईल. धावपळ नाही, आवाज नाही. संपलं की प्रत्येक पुस्तक त्यानंच आपल्या नंबरावर ठेवायचं. सोमवारी एक जरी चुकलं तर माझ्या नावावर लिहा."

साहेबांना बाकी काही कळलं असेल नसेल, "प्रत्येक पुस्तक आपल्या नंबरावर" एवढं फार आवडलं. "धावपळ नाही?" त्यांनी खात्री करून घेतली. "नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

रविवारी टेबल पाहून टीचर दारातच थांबल्या. "ही कोणाची कल्पना?"

"साहेबांची," मी म्हटलं. "आवाज होतो म्हणून."

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका एका किड्याच्या चित्रात डोकं घालून बसले होते.

बसून खेळणं काकांना जमेना. प्रश्न आला की त्यांचे पाय टेबलाखाली धावायला लागायचे आणि सगळं टेबल हलायचं. चपला मात्र सवयीनं काढल्याच. मधमाशीला डोळे किती, या प्रश्नाला ते मुंग्यांच्या पुस्तकावर पडले आणि म्हणाले, "दोन."

टीचर डोळे मिटून बसल्या होत्या. मग एक पुस्तक ओढलं, सूची, पान. "तुमचं चुकलं, राव. पाच. दोन मोठे, डोक्यावर तीन बारीक."

काकांनी पान घेतलं आणि वाचलं. प्रकाशक वाचला, वर्ष वाचलं. तोंड कडू करून वाचलं, पण मी जवळच उभी होते. पुरणपोळीचं ताट पुढ्यात आलेला माणूस मुद्दाम तोंड कडू करतो, तसं ते होतं. पुढचे काही प्रश्न त्यांनी जिंकले, खरेच जिंकले, पण शेवटचा टीचरना गेला आणि चिक्कीही.

निघताना अडचण झाली ती पायऱ्यांची. आमच्या वाचनालयाला बाहेर उंच दगडी पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. टीचरची रिक्षा फाटकाशी उभी होती. मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "मी शिक्षिका होते, पार्सल नव्हे." आणि वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. खाली बघत होत्या. पाय उचलत नव्हता.

काका मागून आले. त्यांच्या शेजारी उभे राहिले, वेष्टी झटकली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "टीचर, काहीही म्हणा, कावेरी उगम पावते ती केरळात."

टीचरनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"केरळात. तिथून निघते आणि इकडे येते. मला पक्कं माहीत आहे."

असं म्हणून ते एक पायरी उतरले आणि दंड जरा बाजूला धरून थांबले.

"राव, तुम्ही तंजावूरचे ना?" टीचरनी त्यांचा दंड धरला, धरला कसला, गच्च पकडला, वर्गातल्या पोराला पकडावा तसा. "कावेरीचं पाणी पिऊन मोठे झालात आणि केरळ म्हणता? कोडगू. तलकावेरी. कर्नाटक." प्रत्येक नावाला एक पायरी. "तिथून म्हैसूरच्या बाजूनं, मग मेट्टूर, मग तिरुची, मग तुमच्या दारात."

"मेट्टूर कुठे मध्ये आलं?" काका म्हणाले आणि आणखी एक पायरी उतरले.

टीचर शेवटच्या पायरीवर आल्या तेव्हा नदी समुद्राला मिळाली होती आणि त्यांना कळलंही नव्हतं की आपण खाली आलो. रिक्षात बसल्यावर त्यांनी बाहेर डोकं काढलं आणि मला बजावलं, "मेडम, फळ्यावर लिहा. पुढचा विषय नद्या. या माणसाला एक नदी येत नाही." रिक्षा निघाली तरी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आता बिचाऱ्या रिक्षावाल्याला.

काका फाटकाला धरून उभे होते. अनवाणीच. चपला आत टेबलाखाली राहिल्या होत्या. रिक्षा राजवाड्याच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते बघत राहिले.

"चिडली आहे," ते मला म्हणाले. "म्हणजे येणार."